कापण्याआधीचा अर्धा

फॉर्मच्या शेवटच्या पानावर सिद्धरामप्पा मेष्ट्रूंचं, म्हणजे मास्तरांचं, बोट अडलं. तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. नाव, जन्मतारीख, म्हैसूर, कुवेंपुनगर, तिसरा क्रॉस, पॅन नंबर, देश भारत. असले रकाने भरण्यात त्यांची हयात गेली होती. हजेरीपट, शिष्यवृत्तीचे अर्ज, शाळेतल्या बिसियूटाच्या, म्हणजे दुपारच्या गरम जेवणाच्या, तांदळाचं मासिक पत्रक. रकाना दिसला की हात आपोआप स्थिर व्हायचा आणि मनाला आराम पडायचा, धुवट धोतर नेसल्यावर पडतो तसा. पण ही ओळ रकाना नव्हती, ते एक वाक्य होतं. 'हा फॉर्म ज्या उत्पन्नाबद्दल आहे त्या सगळ्या उत्पन्नाचा खरा मालक मीच आहे. हे खोटं निघाल्यास शिक्षा होऊ शकते याची मला जाणीव आहे.' इंग्रजीतलं ते वाक्य त्यांनी मनातल्या मनात कन्नडमध्ये आणलं, वर्गात तोंडी गणित घालताना आणायचे तसं, एकेक शब्द सुटा करून. उत्पन्न. सगळं. खरा. मालक. मी. वाक्याच्या आधी एक लहानसा रिकामा चौकोन होता. त्यात खूण करायची आणि पुढे जायचं. मेष्ट्रूंनी बोट खाली नेलं आणि काचेपासून तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर ते थांबलं. सकाळचे अकरा वाजले होते. रस्त्यावर पालेभाजीवाली 'दंटु, मेंथ्या' असं ओरडत पुढच्या क्रॉसच्या गल्लीकडे चालली होती. आणि छातीत काहीतरी लागलं. फार मोठं नाही, तपासायच्या वह्यांत विसरलेली टाचणी लागावी तेवढंच.

"अहो, ओटीपी येईना का?" स्वयंपाकघरातून गौरम्मांनी विचारलं.

"आला केव्हाच."

"मग गप्प कसे? एरवी ओटीपी आला की पाढा म्हटल्यासारखा मोठ्यानं म्हणता. सगळ्या गल्लीला पाठ झालेत तुमचे ओटीपी."

"वाचतोय."

"त्यात वाचायचं काय? समोरच्या रावांचा मुलगा म्हणाला, दोन मिनिटांचं काम आहे."

दोन मिनिटांचं काम होतं हे खरंच. निवृत्त झाल्यावर सहा महिने मेष्ट्रू अंगणातल्या तुळशीपासून फाटकापर्यंत येरझाऱ्या घालत होते. मग रावांच्या मुलाकडून ते ॲप बनवायला शिकले. एका वहीत, डावीकडे चूक आणि उजवीकडे दुरुस्ती अशा दोन रकान्यांत. चार वर्षं लागली. ॲपचं नाव 'एरडु कै', म्हणजे दोन हात. लहान मुलांना वजाबाकी शिकवायचं. पडद्यावर दोन ओंजळी दिसत, एकीत सोललेले पावटे. 'सात आहेत. तीन त्या हाताला दिले. आता कुठल्या हातात किती?' एवढंच. ज्या न दिसणाऱ्या दुकानातून लोक फोनमध्ये ॲप उतरवून घेतात, त्या दुकानात ते दोन वर्षांपासून विकायला होतं. गावात कोणी फारसं विकत घेत नसे. पण अमेरिकेतली कन्नड घरं तीन डॉलर देऊन घेत, नातवंडांना निदान सात वजा तीन तरी आजीच्या भाषेत यावं म्हणून. महिन्याला दहा-बारा हजारांची विक्री व्हायची. शंभरातले पंधरा दुकान ठेवून घ्यायचं. आता गिऱ्हाइकं तिकडची, म्हणून तिकडच्या सरकारचा करही कापला जाणार होता. हा फॉर्म महिनाअखेरपर्यंत भरला तर पंधरा टक्के, नाही भरला तर तीस. मालक कोण ते कळलं नाही, की जास्त कापायचं, असा सरळ हिशेब.

कापण्याचं मेष्ट्रूंना वाईट वाटत नसे. उलट, दर महिन्याला येणारं ते कपातीचं पत्रक त्यांना आवडायचं. रस्ता ज्यानं बांधला त्यानं टोल घ्यावा, यात काय बिघडलं? दुकानाचा वाटा, बँकेचं शुल्क, सरकारचा कर. ज्याचा त्याचा वाटा ज्याच्या त्याच्या नावासमोर. शाळेतल्या मुलांना त्यांनी शेकडेवारी अशीच शिकवली असती: बघा, एक पोळी आहे, किती जणांचे हात लागले ती होईपर्यंत, प्रत्येकाला एक तुकडा. पत्रकात सगळे हात होते. आज त्या वाक्यासमोर बोट अडल्यावर त्यांना कळलं, की दोन वर्षं ते पत्रक ते एवढ्या बारकाईनं का वाचत होते. एक ओळ त्यात नसायची. ती नाही ना, हे ते दर महिन्याला पाहून घेत होते.

दुपारी ते ऑडिटरकडे गेले. सरस्वतीपुरमला झेरॉक्सच्या दुकानावर तेजस्विनीचं ऑफिस होतं. पोरगी तिशीतली, हुशार, बोलायला तिखट. तिच्या टेबलाच्या काचेखाली तिच्या मुलीनं काढलेला एक पाच पायांचा हत्ती होता. मेष्ट्रू प्रत्येक वेळी त्या हत्तीकडे बघत. पाचवा पाय चूक नव्हता. मुलीनं सोंडही पायांतच मोजली होती. मुलाची चूक बघितली की त्याच्या मागे मूल कुठे उभं आहे ते दिसतं, हे त्यांना फार उशिरा उमगलं होतं, आणि उमगलं तेव्हा नोकरीची सातच वर्षं उरली होती.

"सर, ते वाक्य वाचायचं नसतं," तेजस्विनी म्हणाली. "टिक करायची असते."

"एकोणचाळीस वर्षं मी पोरांना सांगितलंय अम्मा, प्रश्न पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका."

"म्हणूनच तुमचे विद्यार्थी बँकेच्या रांगेत सगळ्यांना ताटकळत ठेवतात. बरं, सांगा. ॲप कुणी लिहिलं?"

"मी."

"चित्रं?"

"मीच काढली. हात काढायला तीन महिने लागले. अंगठा जमत नव्हता."

"आवाज?"

"माझा. थोडा गौराचा."

"पैसे येतात कुणाच्या खात्यात?"

"माझ्या."

"झालं तर! मालकाला आणखी काय शिंगं असतात?"

मेष्ट्रूंनी हत्तीकडे पाहिलं. "शिकवायची रीत जर दुसऱ्या कुणाची असली, तर?"

"रीतीला मालक नसतो सर. कायद्यात तर नाहीच. डोसा पहिल्यांदा कुणी उलटला, त्याला आपण काही देतो का?" ती हसली, आणि मग हसणं थांबवून तिनं चष्म्यावरून पाहिलं. "कोण आहे, सर?"

"कुणी नाही," मेष्ट्रू म्हणाले.

उत्तर इतकं चटकन आलं की ते स्वतःच दचकले. वर्गात एखादं पोर 'सांडलं कुणी?' म्हटल्याबरोबर 'मी नाही' म्हणतं, अजून कुणी बोट दाखवलेलं नसताना. तेजस्विनीनं काही ऐकलं नाही असं दाखवलं. "असलंच कुणी," कागद सारखे करत ती म्हणाली, "तर साधा कागद करा. तुमची रीत वापरतोय, बदल्यात अमुक हिस्सा देतोय. तो तुमचा खर्च धरता येईल. फॉर्म भरायला तुम्ही मोकळे. तसे आत्ताही मोकळेच आहात म्हणा."

जिना उतरताना एकेका पायरीबरोबर ते 'कुणी नाही' खाली उतरत होतं. कुणी नाही. नंजनगूडच्या रस्त्याला आत पाच मैलांवरची शाळा, तिची कोठीची खोली, खोलीला एकच खिडकी, तिला गज. त्या खिडकीच्या बाहेर ते उभे होते, पौष महिना, पावट्याचे दिवस, सगळ्या गावाला पावट्याच्या शेंगांचा वास. आत सण्णम्मा. बिसियूटाचा स्वयंपाक करणारी. समोर भिजवलेल्या पावट्यांचं पातेलं, चिमटीत दाबून दाणा सालीतून सुळकन बाहेर काढायचा तिचा सपाटा चाललेला, आणि तिच्याशेजारी दुसरीतलं एक पोर, रेवण्णा. रेवण्णाला वजाबाकी येत नव्हती. बेरीज यायची, झटक्यात यायची. पण 'वजा' म्हटलं की त्याचा चेहरा पाटीसारखा कोरा व्हायचा. मेष्ट्रूंनी फळ्यावर सात गोळे काढून तीन पुसून दाखवले होते. दहादा. अकराव्यांदा पोर रडलं. का रडलं ते कळेना, तेव्हा त्यांनी त्याला कोठीत पाठवून दिलं, जा, सण्णम्माला पावटे सोलू लाग. आणि थोड्या वेळानं ते खिडकीपाशी गेले ते खरं तर पोर काम करतंय की खेळतंय हे बघायला. आत सण्णम्मा म्हणत होती, "सात होते ना रे? तीन या हातात गेले. गेले कुठं? इथंच आहेत, बघ. आता त्या हातात किती?" आणि रेवण्णा म्हणाला, "चार." असं म्हणाला, जणू हे कुणी विचारायची गोष्टच नव्हती. मेष्ट्रूंच्या अंगावर काटा आला. त्या क्षणी त्यांना कळलं की पोर का रडलं. फळ्यावरचे तीन गोळे त्यांनी पुसले होते. होते, आणि नाहीसे झाले. रेवण्णाचे वडील त्याच वर्षी गावातून नाहीसे झाले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात दोन हात केले. एका आठवड्यात मागे पडलेली सहाच्या सहा पोरं वजाबाकी करू लागली. तिथवर काही चुकलं नव्हतं. शिक्षकानं शिकू नये असं थोडंच आहे? चुकायला नंतर सुरुवात झाली, आणि ती सुद्धा इतकी हळू, की कुठल्या दिवशी हे बोट ठेवून दाखवता आलं नसतं. तालुक्याच्या शिबिरात ते म्हणाले, "आमच्या शाळेत मी एकदा पाहिलं." जिल्ह्याच्या शिबिरात म्हणाले, "आमच्या शाळेत आम्ही करून पाहिलं." सत्कारात शाल आणि नारळ मिळाला त्या दिवशी पेपरात लिहिणाऱ्या मुलीनं विचारलं, "तुम्हाला हे सुचलं कसं?" आणि त्यांनी तिला सुचण्याची एक गोष्ट सांगितली. त्या गोष्टीत पावटे होते, रेवण्णा होता, खिडकीसुद्धा होती. फक्त खिडकीच्या आत ते स्वतः बसले होते. गोष्ट चांगली होती. पुन्हापुन्हा सांगताना ती गुळगुळीत झाली, आणि मग एक दिवस आठवायला गेलं तरी तीच आठवू लागली. आज बसस्टँडवर उभं राहून त्यांनी मुद्दाम खिडकीबाहेर उभं राहून पाहिलं. गज थंड लागले. आत, चुलीच्या धुरात, पातेल्यावर वाकलेली सण्णम्मा होती. एवढी वर्षं ती कुठे होती? कुणी नाही, असं म्हणायला एवढासा वेळ लागला, आणि त्या एवढ्याशा वेळात एक अख्खी बाई पुसली गेली, फळ्यावरच्या गोळ्यासारखी.

तरीही दुसऱ्या दिवशी नंजनगूडच्या बसमध्ये बसल्यावर त्यांना थोडं हलकं वाटलं. अर्धा द्यायचा, हे रात्रीत ठरलं होतं. सगळं कापून महिन्याला हातात येतील आठ-साडेआठ हजार, त्यातले चार सण्णम्माला. चार हजार तिला काही थोडे नाहीत. कागद करू, ती सही करेल, आपण खूण करू. उसाच्या गाड्यांमागून बस रेंगाळत होती आणि मेष्ट्रू मनात तिचा चेहरा बघत होते. आधी तिला कळणारच नाही. मग सावकाश समजावून सांगू. मग तिच्या डोळ्यांत पाणी येईल. ती हात जोडेल, आपण म्हणू, छे छे, हा तुमचा हक्क आहे. 'हक्क आहे' हे शब्द त्यांनी दोन-तीनदा घोळवून पाहिले आणि त्यांना ते बरे वाटले. कपिला नदीचा पूल आला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की याही गोष्टीत ते स्वतःच मध्यभागी बसले आहेत.

सण्णम्माचं घर शाळेच्या मागच्या गल्लीत होतं. ओसरीवर पाय पसरून ती अबोली ओवत होती. नोकरी सुटल्यापासून ती फुलवाल्याला गजरे करून द्यायची, हातावर मोजून, हाताला अमुक पैसे. केस पार पांढरे झाले होते, पण बोटं तशीच, न बघता चालणारी.

"या, या मेष्ट्रे! वाट चुकलात काय?"

"मुद्दाम आलो, सण्णम्मा."

"मुद्दाम? मुद्दाम फक्त दोघं येतात आमच्या गल्लीत. मतांची यादी करणारे आणि माणसं मोजणारे. तुम्ही यातले कुठले?"

"दोन्ही कामं केलीत मी जन्मभर."

"म्हणून तर विचारलं!" ती हसली आणि समोरची खुर्ची पायानं पुढे सरकवली. "बसा. काफी करू?"

"नको. आधी बोलतो."

पण बोलायला सुरुवात केली आणि मेष्ट्रूंनी स्वतःला धडा घेताना ऐकलं. ॲप म्हणजे काय. ते विकतात कसं. अमेरिकेत किती कन्नड घरं आहेत. दुकान किती कापतं, तिकडचं सरकार किती कापणार, का कापणार. सण्णम्मा मधूनमधून "बरं" म्हणत होती आणि फुलं दोन-दोनच्या जोडीनं दोऱ्यात जात होती. फॉर्मवरच्या वाक्यापर्यंत ते आले आणि त्यांनी ते तिला कन्नडमध्ये वाचून दाखवलं, सगळं, शिक्षेसकट.

"मग?" सण्णम्मा म्हणाली.

"मग, ते माझं नाही. पावट्यांचं. दोन हातांचं. ते तुमचं आहे. मी खिडकीतून पाहिलं होतं, रेवण्णाच्या वेळी. पाहिलं आणि घेतलं. कुणाला सांगितलं नाही."

गल्लीतून एक लूना गेली.

"माहीत आहे," सण्णम्मा म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"माझी नात आहे ना, चैत्रा, नर्सिंगला आहे म्हैसुराला. तिनं दाखवलं फोनवर. आज्जी, हे बघ, तुझे पावटे, म्हणाली. दोन वर्षं झाली." तिनं एक फूल नको म्हणून बाजूला टाकलं. "चांगलं केलंय. चित्रं छान आहेत. पण हात उलटे घातलेत तुम्ही."

"उलटे?"

"ते हात समोरून आलेत पोराच्या. समोरच्याचा उजवा तो आपला डावा, पोर गडबडतं. शेजारच्या घरचं पोर दोनदा चुकलं माझ्यासमोर. मी काय पोराच्या समोर बसत होते? मी शेजारी बसायचे. माझे हात आणि त्याचे हात एकाच बाजूला. तुम्ही खिडकीतून बघत होता, तुम्हाला समोरून दिसलं असणार."

मेष्ट्रूंनी आपले दोन्ही हात गुडघ्यांवरून उचलले आणि पाहिले. तीन महिने त्यांनी अंगठे काढले होते. ॲपखाली लोक लिहीत, छान आहे, पण मुलं कधी कधी हात चुकतात; आणि ते दर वेळी उत्तर देत, सरावानं येईल. चोरलेलं धड चोरताही आलं नव्हतं. लाज वाटायला हवी होती, ती वाटतही होती; पण तिच्या पोटात आणखी काहीतरी होतं, जुनं, ओळखीचं, अंगावरच्या काट्यासारखं. शेजारी बसायचं. समोर नाही, शेजारी. इतकं सोपं होतं. त्यांना वाटलं, आत्ता उठावं आणि घरी जाऊन हात उलटे करावेत. मग त्यांना आठवलं की ते कशाला आले आहेत.

"दुरुस्त करतो," ते म्हणाले. "आणि सण्णम्मा, आजपासून अर्धा हिस्सा तुमचा. कागद करून आणलाय. हा तुमचा—" बसमध्ये घोळवलेला तो शब्द त्यांनी आता वापरला नाही.

"अर्धा कशाचा?"

"म्हणजे पैशांचा."

"ते कळलं. कापण्याआधीचा अर्धा, का कापल्यानंतरचा?"

तिनं वरही पाहिलं नव्हतं. बोटं चालूच होती. रात्रभर आणि बसच्या सगळ्या वाटेवर त्यांनी अर्धा मोजला होता. शंभरातून एकदाही नाही. जे खात्यात येतं त्यातून. दुकानानं घेतल्यावर, सरकारनं घेतल्यावर, उरलंसुरलं समोर ठेवून त्याचे त्यांनी मोठ्या मनानं दोन भाग केले होते. हे त्यांनी ठरवलं नव्हतं. हे इतकं साहजिक होतं की ठरवावं लागलंच नव्हतं.

"मी नंतरचा धरला होता," ते म्हणाले. खरं सांगायला आज आलोच आहोत, तर हेही.

"धरणारच. आमच्या बिसियूटाच्या पैशांतही तसंच असायचं. कागदावर एक, हातात एक. कशाचं काय कापलं विचारलं की म्हणायचे, वरून कापून आलंय अम्मा, आमच्या हातात काय आहे." आता तिनं वर पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. बाजारात वांगी निवडताना असते तशी नजर होती. "दुकानाशी बोलणं तुम्ही केलंत. त्या सरकारला फॉर्म तुम्ही देताय. मी कुणाला काही द्यायला सांगितलं नाही. मग माझ्यातून का कापायचं?"

"बरोबर आहे."

"आणि हे पैसे आले, तर माझी गृहलक्ष्मी बंद होईल का? सरकारकडून बायकांना महिन्याचे दोन हजार येतात ना, ते. मी कर भरणारीण झाले तर बंद करतात म्हणे. रेशनकार्डही काढून घेतात. पलीकडच्या गल्लीतल्या जयम्माचं काढलं."

"वर्षाचे साठ-सत्तर हजार होतील तुमचे. त्यावर तुम्हाला कर लागणार नाही. रेशनकार्डाचं मात्र मी ऑडिटरला विचारतो. छातीठोक सांगत नाही."

"विचारा. ते कळेपर्यंत सही नाही. तोपर्यंत माझं तुमच्याजवळ राहू दे, वहीत मांडून. मागच्या दोन वर्षांचंही. तेही आधीचंच धरून."

"तेही."

मेष्ट्रूंच्या डोक्यात शंभर पावटे आले आणि आपोआप वाटले जाऊ लागले. दुकानाचे पंधरा. उरलेल्यांतून तिकडच्या सरकारचे बारा-तेरा. सण्णम्माचे पन्नास. राहिले बावीस. त्यातून ऑडिटरची फी, आणि मग इथला कर. शंभराचा मालक, आणि ओंजळीत वीसही नाहीत. त्यांना हसू आलं आणि ते त्यांनी दाबलं नाही.

"हसताय काय?"

"काही नाही. सगळ्यांचं कापून माझ्या हातात सगळ्यांत कमी उरणार."

"मालक व्हायचंय ना?" सण्णम्मा म्हणाली. "मग मालकाचं सोसा. मी नाही होत. मला ते फॉर्म, ते ओटीपी, ते अमेरिकेचं सरकार काही नको. तुम्ही व्हा. ते वाक्य पुन्हा वाचा बघू."

त्यांनी फोन काढला, वाक्य शोधलं आणि वाचलं. या वेळी ते वेगळं ऐकू आलं. सगळ्या उत्पन्नाचा खरा मालक. काल त्यात एक माणूस सगळं ओंजळीत धरून बसलेला दिसला होता. आज तोच माणूस दारात उभा होता, आणि ज्यांचं ज्यांचं देणं होतं ते सगळे त्याच्याकडे येत होते, आणि तो देत होता, आधीचं धरून. शब्द तेच होते. खोटं आता त्यात नव्हतं असं नाही. एवढी वर्षं होतं ते एका खुणेनं कुठं जाणार? पण ते निदान आता एकट्याचं गुपित उरलं नव्हतं.

"खाली नावही लिहावं लागतं का?"

"लिहावं लागतं. कागदपत्रांत आहे तसंच."

"आणि माझं कुठं घालणार?"

"ॲपच्या पहिल्या पानावर. घालू ना?"

ती विचार करू लागली. इतका वेळ पैशाबद्दल बोलताना एकदाही न थांबलेली बोटं थांबली. "घाला," ती म्हणाली. "पण टीचर म्हणून घालू नका, लोक हसतील. बिसियूटाची सण्णम्मा, असं घाला. गावात त्याच नावानं ओळखतात."

मेष्ट्रूंनी मान हलवली. मग त्यांनी अंगठ्यानं चौकोनात खूण केली, खाली आपलं नाव एकेक अक्षर बघून लिहिलं, आणि पाठवलं. पडद्यावर एक गोल फिरला आणि थांबला.

"झालं?"

"झालं."

खरं तर आता उठायला हवं होतं. परतीची बस पावणेबाराला होती. पण एक प्रश्न उरला होता, जो न विचारता गेलं तर कायमचा तसाच राहिला असता.

"सण्णम्मा," ते म्हणाले. "दोन वर्षं माहीत होतं, तर बोलला का नाहीत? एक फोन करायचा. चैत्राकडून निरोप धाडायचा. मी तोंड वर काढू शकलो नसतो."

सण्णम्मानं गजरा कोपरापासून बोटापर्यंत ताणून मोजला. एक हात पुरा झाला होता. तिनं गाठ मारली आणि दोरा दातानं तोडला.

"मध्येच सांगून टाकलं की पोराला येत नाही, मेष्ट्रे," ती म्हणाली. "थांबावं लागतं. काही काहींना फार वेळ लागतो."